मास्तरांचे बस्ते : कामाच्या नोंदी

3 जून
टेम्पो आला एकदाचा. कापडात बांधलेले बस्ते, दोन पत्र्याच्या पेट्या आणि एक गोणी, गोणीत नुसती वर्तमानपत्रं. सगळं वाचनालयाच्या मागच्या खोलीत लावलं, जमिनीपासून वीतभर वर फळ्या टाकून, कारण पावसाळा तोंडावर आहे आणि त्या भिंतीला ओल येते हे सगळ्यांना माहितीये.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी : मास्तर म्हणजे आमच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले शाळामास्तर, नोकरी सांभाळून चाळीसेक वर्षं चळवळीत होते, दुष्काळ, रोजगार हमी, मग पाणी. कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत त्यामुळे चरित्र वगैरे कोण लिहिणार, पण कागद एकही टाकला नाही माणसानं. घरच्यांनी सगळं वाचनालयाला दिलं, अट एकच, पुण्या-मुंबईला न्यायचं नाही, इथंच ठेवायचं.

आज काहीच उघडलं नाही. फक्त फोटो काढले, कुठला बस्ता कुठल्या फळीवर, कुठल्या क्रमाने आला ते. प्रत्येकाला पेन्सिलने चिठ्ठी. पेन नाही, मार्कर तर अजिबात नाही.

5 जून
पहिली मीटिंग आणि पहिलाच वाद. कमिटीतल्या एका सरांचं म्हणणं, सगळं सोडून प्रकारवार लावून टाका, जीआर (शासन निर्णय) एकीकडे, पत्रकं एकीकडे, पत्रव्यवहार एकीकडे, कात्रणं एकीकडे, म्हणजे अभ्यासकाला पटकन सापडतं. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. मी म्हटलं आधी दोन-तीन बस्ते उघडून बघू मग ठरवू. पुण्यातल्या पेशवे दफ्तरात अजून रुमालच आहेत ना, त्या जुन्या लोकांनी कागद ज्या रुमालात बांधला तो रुमाल हीच त्याची ओळख आहे, ती का मोडायची.

सरांनी चहा संपवला आणि "बघा बुवा" म्हणाले. म्हणजे निर्णय पुढच्या मीटिंगला.

9 जून
बस्ता 1. 1972-73. आप्पा सोबत होते, आप्पा म्हणजे रिटायर्ड तलाठी, सरकारी अक्षर वाचायला त्यांच्यासारखा माणूस नाही, वाकडी सही बघून हुद्दा सांगतात.

बहुतेक सगळं दुष्काळाचं. खडी केंद्रावरच्या (दुष्काळी कामावर खडी फोडायची जागा) तक्रारी, सुकडी (मजुरांना मिळणारा कोरडा खाऊ) मिळाली नाही, मुकादमानं हजेरी लावली नाही, लाल मिलो (बाहेरून आलेली ज्वारी) किडकी निघाली. मे 1973 च्या सुमाराला राज्यात दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसं होती, हा आकडा आपण वाचतो आणि पुढं जातो, पण इथं त्याच आकड्यातली एका गावची हजेरी हाताने उतरवून घेतलेली आहे वहीच्या कागदावर, आणि बाजूला मास्तरांच्या अक्षरात "आज 14 जण परत पाठवले" असं. आप्पांचं बालपण त्यातच गेलं. म्हणाले, "तुला सांगतो, ते मिलोचं नाव काढलं तरी अजून पोटात ढवळतं."

कागदाची अवस्था : सायक्लोस्टाइलचा (स्टेन्सिल कापून हातयंत्रावर काढलेल्या प्रतींचा) कागद त्या मानाने ठीक, शाई फिकी. वर्तमानपत्राची कात्रणं पार तपकिरी, हात लावला की कडा तुटतात. टाचण्या गंजून कागदात रुतल्यात, ओढून काढायच्या नाहीत, पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून सावकाश. आणि प्रत्येक टाचणी काढायच्या आधी फोटो, कुठला कागद कुठल्याला टाचलेला होता ते. हे मी सगळ्या पोरांना बजावून सांगितलंय.

10 जून
कसर (कागद खाणारी कीड) सापडली बस्ता 3 मध्ये. डांबराच्या गोळ्या नकोत, त्याचा वास कागदात बसतो आणि काम करणाऱ्याचं डोकं दुखतं. बस्ता वेगळा केला, प्लॅस्टिकमध्ये बंद, थंडीनं कीड मरावी म्हणून डीप फ्रीजर कुणाकडे आहे ते विचारतोय (आइस्क्रीमवाला तयार आहे पण पावसाळ्यात, सीझन संपल्यावर).

14 जून
तारीख नसलेली पत्रकं ही मोठी डोकेदुखी. हँडबिलवर वार आणि वेळ असते, "सोमवारी सकाळी 11 वाजता तहसील कचेरीवर", साल कोण लिहितो, वाचणाऱ्याला माहितीच होतं ना कुठलं साल चालू आहे. मग खुणा शोधायच्या. काही खुणा लिहून ठेवतोय, पोरांना उपयोगी पडतील :

"सचिवालयावर मोर्चा" असं छापलं असेल तर बहुधा 1975 च्या आधीचं, त्यानंतर नाव मंत्रालय झालं. अर्थात लोकांच्या तोंडात सचिवालय बराच काळ होतं म्हणून नुसत्या याच्यावर विसंबायचं नाही. पत्त्यात पिनकोड असेल तर ऑगस्ट 1972 नंतरचं. खाली प्रेसचं नाव असतंच, कारण कागदावर मुद्रकाचं नाव-ठिकाण छापणं 1867 च्या कायद्यापासून बंधनकारक होतं, आणि विट्यात, म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावी, कुठला छापखाना कधी होता हे सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. फोन नंबर किती आकडी आहे तेही बघायचं.

आणि ज्याच्यावर मुद्रकाचं नावच नाही, स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल केलेलं, सही नाही, संघटनेचं नाव नाही, ते आधी आणीबाणीच्या कप्प्यात टाकून तपासायचं. जून 1975 ते मार्च 1977. असे कागद बस्ता 4 मध्ये मधोमध आहेत, वर-खाली शाळेच्या परीक्षेचे गुणपत्रक. लपवलेलेच होते ते. आता प्रकारवार लावायचं म्हटलं असतं तर गुणपत्रकं "शाळा, किरकोळ" मध्ये गेली असती आणि ती पत्रकं गुणपत्रकांच्या पोटात का होती हे कुणाला कधी कळलंच नसतं. सरांना हा फोटो पाठवला. उत्तर नाही, दोन निळ्या टिका फक्त.

19 जून
आज ज्याच्यासाठी ही सगळी खटपट ते सापडलं असं म्हणायला हरकत नाही. बस्ता 7.

आधी थोडी पार्श्वभूमी कारण कॉलेजच्या पोरांना रोजगार हमी म्हणजे केंद्राची मनरेगा एवढंच माहितीये. ती 2005 च्या कायद्याने आली. त्याच्या कितीतरी आधी ही कल्पना आपल्याच जिल्ह्यातून निघाली, वि. स. पागे, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, विधान परिषदेचे सभापती, त्यांनी 60 च्या दशकात मुख्यमंत्री वसंतराव नाईकांकडे मांडली, तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, 1972 ला राज्यभर योजना जाहीर झाली पण दुष्काळच एवढा मोठा आला की सगळं दुष्काळी कामं म्हणूनच चाललं आणि योजनेला खरा जोर नंतर आला. 1975 ला त्यासाठी व्यवसाय कर लावला, म्हणजे शहरातल्या पगारदाराकडून घेऊन खेड्यातल्या मजुराला काम. तुमच्या सॅलरी स्लिपवर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात ना, तो हाच, किती जणांना माहिती आहे कुणास ठाऊक. जेवढा कर जमेल तेवढेच पैसे सरकारने स्वतःचे घालायचे असं ठरलं. 1977 ला विधिमंडळात कायदा मंजूर, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. मागेल त्याला काम, अर्ज केल्यापासून 15 दिवसांत, नाहीतर बेकारी भत्ता, निदान रोज एक रुपया तरी.

तर बस्ता 7 मध्ये एका टाचणीला सहा कागद. पहिला, एका गावातल्या बायकांचा काम मागणारा अर्ज, खाली अंगठ्यांची रांग. दुसरा, त्याची पोच, कचेरीचा गोल शिक्का आणि आवक नंबर. तिसरा, कालनिर्णयचं फाडलेलं एक पान, त्यावर पोच मिळाली त्या दिवसापासून एकेक तारखेवर फुली, पंधराव्या दिवशी दोनदा गोल. चौथा, सोळाव्या दिवशीच्या मोर्चाचं हँडबिल, "काम द्या नाहीतर भत्ता द्या". पाचवं, पाझर तलावाच्या कामाला मंजुरीचं पत्र, मोर्चानंतर आठवड्याच्या आतलं, आणि त्यात मोर्चाचा उल्लेख अर्थातच नाही, "टंचाई परिस्थिती विचारात घेता" एवढंच. सहावा, त्या तलावावरच्या पहिल्या आठवड्याच्या हजेरीची नक्कल.

आप्पा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "आमच्याकडं यातलं फक्त पाचवं असायचं."

म्हणजे बघा. सरकारी फायलीत मंजुरीचं पत्र राहतं, तेही राहिलं तर. ते एकटं वाचलं तर असं वाटतं की साहेबांना टंचाई दिसली आणि त्यांनी तलाव दिला. बाकीचे पाच कागद टाचलेले असले की कळतं टंचाई कुणी दाखवली. आणि प्रकारवार लावलं तर अर्ज आणि पोच गेले पत्रव्यवहारात, हँडबिल पत्रकांत, मंजुरी सरकारी कागदांत, हजेरी मस्टरमध्ये (हजेरीपटांत), आणि कालनिर्णयचं पान सरळ रद्दीत, कारण कॅलेंडर कोण कॅटलॉग करतो. सहाही कागद शाबूत राहिले असते आणि तरी त्यांचं म्हणणं गेलं असतं.

मास्तरांनी टाचणी मारली तेव्हाच कॅटलॉग झाला होता. आपण फक्त नंबर द्यायचा.

20 जून
कमिटीची मीटिंग. सहा कागद टाचणीसकट फिरवले. सर म्हणाले ठीक आहे पण मग माणसाला एखादा जीआर हवा असेल तर त्याने सगळे बस्ते उपसायचे का. रास्त प्रश्न आहे. तोडगा : कागद जागचे हलवायचे नाहीत, शोधायची सोय शीटमध्ये. प्रत्येक कागदाला ओळ, ओळीत बस्ता, जोड (कशाला टाचलेला), कागदाचा प्रकार, तारीख (पक्की की अंदाजे), गाव, विषय, भाषा, अवस्था. जीआर हवाय तर फिल्टर लावा, सगळे जीआर एका फटक्यात, पण कागद बघायला आलात तर जोडासकट हातात मिळणार. "जोड" हा कॉलम मी घातलाय आणि तो रिकामा सोडायचा नाही, एकटा कागद असेल तर "एकटा" असं लिहायचं.

एकमताने मंजूर. सरांनीच ठराव मांडला, त्यांचं मला आवडलं.

27 जून
स्कॅनिंग चालू. 400 डीपीआय, टिफ फाइल मूळ प्रत म्हणून, बघायला पीडीएफ. ओसीआर (चित्रातला मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर) छापील हँडबिलांवर बऱ्यापैकी, सायक्लोस्टाइलवर हसण्यासारखं, "मजूर" चं "मयूर" करतंय सगळीकडे. हाताने टायपायला पर्याय नाही. पाठ लिहिताना मूळ शुद्धलेखन बदलायचं नाही, चुकीचं वाटलं तरी.

उलट्या बाजूसुद्धा स्कॅन करायच्या, कोऱ्या वाटल्या तरी. अर्ध्या हँडबिलांच्या मागे हिशोब आहेत, ट्रॅक्टरचं डिझेल, भोंग्याचं भाडं, चहा.

2 जुलै
मस्टरच्या नकला ऑनलाइन टाकायच्या का यावर चर्चा. माझं मत नाही. नावं आहेत, अंगठे आहेत, काहींच्या पुढे जात लिहिलीये, कुणाला किती उचल दिली ते लिहिलंय. ही माणसं, त्यांची पोरं अजून त्याच गावात राहतात. शिवाय बोगस मस्टर हा विषय होताच, "अर्धे तुम्ही अर्धे आम्ही, हीच रोजगार हमी" ही म्हण काय उगाच पडली नाही, आणि मास्तरांनी काही याद्यांवर लाल पेनने कोण खरं कामावर होतं आणि कोण मुंबईत असताना इथं हजर दाखवलं ते लिहून ठेवलंय, नावानिशी. तो पुरावा म्हणून सोन्यासारखा आहे पण आज इंटरनेटवर टाकला तर गावात डोकी फुटतील.

ठरलं ते असं : मस्टर खोलीत येऊन बघता येईल, रजिस्टरला सही करून, फोटो काढायचा नाही. ऑनलाइन फक्त वर्णन, किती ओळी, किती बाया किती पुरुष, कुठलं काम. बायांची संख्या जवळपास प्रत्येक यादीत पुरुषांहून जास्त आहे, हे मात्र वर्णनात मुद्दाम लिहितोय.

8 जुलै
बस्ता 9, 10. इथून कागदाचा सूरच बदलतो. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि आमच्याकडचे गिरणीवाले गावाकडं परत आले, तिकडं युनियन बघितलेली, इकडं रोजगार हमीवर खडी फोडायला लागले. तोपर्यंत अर्जात "काम द्या" असायचं. आता "कसलं काम देता ते आम्ही सांगू" असं दिसायला लागतं. खडी फोडून रस्ते कुणाचे होतात, दुष्काळ हटेल असं काम द्या, बंधारा द्या, जंगल द्या. हीच मागणी करणाऱ्या मुक्ती संघर्ष चळवळीची पत्रकं याच सुमाराची. आणि मग येरळेची वाळू. ठेकेदार नदी उपसून वाळू नेणार, विहिरी आटणार, तर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी म्हटलं थोडी वाळू आम्हीच विकतो आणि त्या पैशातून धरण बांधतो, पाणी सगळ्यांना सारखं, ज्याला जमीन नाही त्यालासुद्धा वाटा. तेच बळीराजा धरण.

या बस्त्यात वाळूच्या पावत्या आणि धरणाच्या नकाशाची अमोनिया प्रिंट (जुन्या पद्धतीची नक्कल) एकत्र. प्रिंट उजेडात फिकी पडते, तिला काळ्या पाकिटात ठेवलं.

आणखी एक गंमत, मनीऑर्डरची कुपनं. कोइमतूर, सालेम, आणखी कुठून कुठून. आमच्या भागातली गलाईवाली माणसं, सोनं-चांदी गाळायला देशभर गेलेली, ती पण दुष्काळामुळेच गेली ना, त्यांनी मोर्चासाठी पाठवलेले पंचवीस-पन्नास रुपये. कुपनाच्या मागे निरोपाच्या जागेत दोन ओळी, एकात नुसतं "पाऊस कसा हाय". पत्ते झाकून ही कुपनं ऑनलाइन टाकायची असं ठरवलंय.

15 जुलै
पाऊस. खोलीत ओल मोजायचं यंत्र 78 दाखवतंय, फार आहे. बस्ते उघडायचे बंद, फक्त टायपिंग. डीप फ्रीजर मिळाला, कसर लागलेला बस्ता नीट बंद करून त्यात गेला, वरच्या कप्प्यात अजून दोन फॅमिली पॅक आहेत.

18 जुलै
एका सरकारी कचेरीत गेलो होतो, बस्ता 7 मधल्या मंजुरी पत्राची मूळ फाइल असेल तर बघावं म्हणून. आवक नंबर होता, तारीख होती. रेकॉर्ड सांभाळणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या, रजिस्टर काढलं, फाइल कुठल्या वर्गात होती ते बघितलं आणि म्हणाल्या नष्ट केली, नियमाप्रमाणे. अ वर्ग कायम, ब तीस वर्षं, मग क, आणि ड म्हणजे वर्षभरात गेलं. नियम गैर नाही, सगळंच ठेवलं तर जागा कुठली पुरणार. पण काय ठेवायचं हे फाइल ज्याची तोच ठरवणार. वरच्या पातळीवर तर 21 जून 2012 ला मंत्रालयाचे वरचे मजले जळाले त्यात काय काय गेलं. धोरण कसं झालं हे शोधायला माणूस मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जातो, विधिमंडळाच्या चर्चा वाचतो, जायलाच पाहिजे, तिथं जे आहे ते दुसरीकडे नाही. पण त्या चर्चेत जो आमदार उठून म्हणतो की माझ्या भागात लोक काम मागतायत, त्याच्या खिशात कुणीतरी दिलेलं निवेदन असतं. त्या निवेदनाची स्थळप्रत (देणाऱ्याकडे राहिलेली नक्कल) कुठंतरी पत्र्याच्या पेटीत असते, असली तर.

आता आमच्याकडची पोच हीच त्या फाइलची उरलेली खूण. शीटमध्ये शेरा टाकला : "मूळ फाइल नष्ट, कचेरीच्या रजिस्टरवरून खात्री केली."

26 जुलै
ऊन पडलं. बस्ता 12, 1988 च्या आसपासचं. रोजगार हमीची मजुरी शेतमजुरांच्या किमान वेतनाच्या बरोबरीला आली तो काळ. गंमत अशी की शेतमजुरांचं किमान वेतन ठरवायला 1973 ला समिती होती तीही पाग्यांचीच, म्हणजे हमीची कल्पना त्यांची आणि किमान वेतनाचा अहवालही त्यांचा, आणि दोन्ही एकमेकांना भेटायला एवढी वर्षं लागली. मास्तरांनी एका कागदावर दोन्ही दर शेजारी शेजारी लिहून फरक काढलाय, वर्षवार. हा कागद कशालाच टाचलेला नाही. "जोड : एकटा."

4 ऑगस्ट
फ्लॉपी. पेटी 2 च्या तळाशी, 1993 नंतरच्या. आटपाडीला पाणी परिषदा सुरू झाल्या, स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी वगैरे, समन्यायी पाणीवाटपाची मागणी, पुढं टेंभू उपसा योजना. कृष्णेचं पाणी मे 2000 च्या आत अडवा नाहीतर हक्क जाईल ही धास्ती तेव्हाच्या प्रत्येक पत्रकात आहे. तोपर्यंत विट्यात डीटीपी आलं होतं, त्यामुळे मजकूर फ्लॉपीवर. तीन वाचल्या, बाकीच्यांवर बुरशी. वाचल्या त्यात श्री-लिपीच्या (युनिकोडच्या आधीचे मराठी फाँट) फाइली, उघडल्यावर स्क्रीनवर नुसता कचरा, युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर वापरला, रफार सगळे घसरले, हाताने नीट करतोय. 1973 चा वहीचा कागद मी डोळ्याने वाचतो आणि 1996 ची फाइल वाचायला इतका आटापिटा.

11 ऑगस्ट
पहिली अभ्यासक आली. पीएचडी करते, रोजगार हमी आणि बायकांचं संघटन असा विषय. आधी मेसेज होता, "फक्त हँडबिलं स्कॅन करून पाठवता का सर, बाकी नको". मी कळवलं, पाठवतो, पण जोडासकट पाठवणार, नाहीतर या.

आली. बस्ता 7 दिला. हँडबिल बाजूला ठेवून दिवसभर कालनिर्णयचं पान आणि अंगठ्यांची यादीच बघत होती. तिने एक गोष्ट काढली जी आम्हाला कुणालाच दिसली नव्हती : पहिल्या आठवड्याच्या हजेरीत अर्जातल्या बायांपैकी सगळ्यात वरचं नावच नाहीये. अर्ज जिने पुढाकार घेऊन केला तिलाच कामावर घेतलं नाही की तीच आली नाही, ते आता शोधायचं. आप्पा म्हणाले त्या गावात त्यांच्या ओळखीचं एक घर आहे, रविवारी जाऊ. नाव शीटमध्ये टाकलेलं नाही, "अर्जदार 1" एवढंच. रेकॉर्डर चार्जिंगला लावलाय.